मूर्तीवरचा रंग आणि त्याची दुखणी : गिरगाव ते लालबाग

हातभर उंचीच्या गणपतीला किंवा बोटभर मावळ्याला लावायचा रंग भिंतीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक परीक्षेला उतरावा लागतो. एका हातातच त्याने पृष्ठभाग झाकला पाहिजे, कारण दुसरा-तिसरा जाड हात पडला की पापणीची कड, बाजूबंदाचे मणी आणि बोटांमधली फट बुजते. कुंचल्याच्या टोकावरून तो न तुटता उतरला पाहिजे. वाळल्यावर बोटाला लागता कामा नये आणि वीतभर अंतरावरून पाहिले तरी त्यात कण दिसता कामा नये. मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या पट्ट्यात मूर्तिकामाचा जो धंदा वाढला, त्याचा इतिहास मंडळांच्या, मूर्तींच्या उंचीच्या आणि शाडू-प्लास्टरच्या वादाच्या अंगाने पुष्कळदा सांगितला जातो. रंगाच्या अंगाने तो फारसा सांगितला गेलेला नाही. कारागिराच्या हाताची सफाई गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते ती मात्र रंगातूनच, आणि रंग हलका निघाला तर महिनाभराचे घडणकाम दोन दिवसांत मातीमोल होते.

रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगाची पूड, ती पूड पृष्ठभागाला बांधून ठेवणारे द्रव्य आणि भर. बांधणारे द्रव्य पूर्वी डिंक, सरस किंवा तेल असे. आता बहुतेक वेळा ते ॲक्रिलिक किंवा तत्सम कृत्रिम राळ असते. भर म्हणून खडू, चिनी माती, संगजिऱ्याची पूड वापरतात. पूड महाग, भर स्वस्त. त्यामुळे रंग स्वस्त करायचा म्हणजे पूड कमी करून भर वाढवायची, आणि त्याहून स्वस्त करायचा म्हणजे बांधणारे द्रव्यही कमी करायचे. पहिल्या काटकसरीने रंग फिका आणि दुधट होतो, झाकत नाही. दुसरीने तो भुकटीसारखा हाताला लागतो. पूड नीट घोटलेली नसेल तर गालावर खरखर दिसते. मोठ्या भिंतीवर, मंडपाच्या पडद्यावर किंवा वीस फुटी मूर्तीच्या पाठीवर हे दोष लपून जातात. लहान मूर्तीवर लपायला जागाच नसते. म्हणून भल्यामोठ्या मूर्तीसाठी नामांकित झालेल्या कारखान्यातही घरगुती लहान मूर्तीचे रंगकाम सर्वांत मुरलेल्या हाताकडे सोपवणे शहाणपणाचे ठरते.

विलायती रंग येण्यापूर्वी पश्चिम भारतातल्या मूर्तिकाराच्या आणि चिताऱ्याच्या हाताशी असलेले रंग थोडे होते आणि ते बाजारातल्या पसाऱ्याच्या दुकानात औषधी द्रव्यांच्या शेजारीच मिळत. तांबड्यासाठी गेरू आणि हिंगूळ, शेंदरीसाठी शेंदूर, पिवळ्यासाठी पेवडी आणि हरताळ, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळ, पांढऱ्यासाठी खडू, शंखाची पूड किंवा सफेदा. झळाळीसाठी अभ्रकाची पूड आणि बेगड. ही पूड खलात घोटायची, वस्त्रगाळ करायची आणि बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकात, नाहीतर सरसात कालवायची. सावंतवाडीच्या गंजिफांना चिंचोक्याच्या खळीत खडू कालवून अस्तर दिले जाते. रंगाखालचे अस्तर गुळगुळीत आणि बंद असले पाहिजे ही समज कोकणातल्या हस्तकलेत जुनी आहे, आणि पुढे लालबाग-परळच्या गिरणगावात आलेले बरेचसे मूर्तिकार कोकणातूनच आले.

या जुन्या रंगांविषयी आज फार हळवेपणाने बोलले जाते. ते सगळे निरुपद्रवी नव्हते आणि सगळे टिकाऊही नव्हते. हिंगूळ हा पाऱ्याचा गंधकाशी झालेला संयोग, हरताळात सोमल, शेंदूर शिशाचा. हिंगूळ उन्हात काळवंडतो. हरताळ शिशाच्या सफेद्याला लागून राहिला की दोन्ही काळे पडू शकतात, म्हणून कोणता रंग कोणाशेजारी लावायचा नाही हे रंगाऱ्याला पाठ असावे लागे. हिंगूळ महाग असल्याने त्यात शेंदूर मिसळण्याची लबाडी जगभर चाले. सरसाचे दुखणे वेगळे होते. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून काढलेला हा चिकट पदार्थ पावसाळी हवेत एक-दोन दिवसांत कुजतो, त्याला घाण सुटते आणि त्याची पकड जाते. तो थंड झाला की थिजतो, म्हणून रंगाचे भांडे सतत कोमट ठेवावे लागते. प्रमाण कमी पडले तर रंग पूड होऊन गळतो, जास्त झाले तर वाळताना आवळतो आणि पोपडे होऊन उचलला जातो. हे प्रमाण मापाने सांगता येत नव्हते. पाऊस किती, माती किती ओली, सरस कुठल्या प्रतीचा, यावर ते रोज बदले. गेरू, पेवडी आणि काजळ ही तीन मात्र खरोखर भरवशाची होती आणि आहेत. ऊन, चुना, ओल यांपैकी कशानेही ती बिघडत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात युरोपात बनलेल्या कृत्रिम रंगांची आवक सुरू झाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा, १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये जमलेला कृत्रिम अल्ट्रामरीन, शिशाच्या क्रोमेटपासून केलेला झगझगीत पिवळा आणि १८५६ मध्ये विल्यम पर्किनला डांबरातून मिळालेल्या जांभळ्यामागोमाग आलेले ॲनिलिन रंग. कापड रंगवणाऱ्यांनी ॲनिलिन लगेच उचलले. खडूवर ते चढवून केलेली पूड मातीच्या चित्रांसाठीही सोयीची होती: थोड्या पैशात भडक गुलाबी, किरमिजी, जांभळा. त्यांतले पुष्कळसे रंग उन्हात विटणारे निघाले. गणपतीच्या दीड ते दहा दिवसांच्या मुक्कामात विटण्याला तेवढा अवसर मिळत नाही, आणि हा मुद्दा या धंद्याच्या पुढच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. जी वस्तू पाण्यात सोडायची आहे तिच्या रंगाकडून वर्षानुवर्षे टिकण्याची अपेक्षा कोणी ठेवली नाही, आणि त्या सवलतीच्या आडून हलक्या प्रतीचा माल या धंद्यात कायमचा शिरला.

टिकण्यासाठी केलेल्या रंगीत मूर्तींची परंपराही याच काळात जवळच होती. पुण्यातल्या जिनगर कारागिरांची मातीची चित्रे एकोणिसाव्या शतकात नावाजलेली होती. शिपाई, भिक्षुक, कोळीण, वाणी अशी ती लहान रंगवलेली माणसे साहेबलोक आठवण म्हणून घेऊन जात. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, शहरातल्या जातीजमाती, धंदे आणि राहणी दाखवणाऱ्या लहान प्रतिकृती ठेवलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाची सूत्रे होती आणि या प्रतिकृतींच्या कामाला तेव्हा मोठी चालना मिळाली. पागोट्याचा पीळ, लुगड्याचा काठ, कातडीच्या रंगातला फरक त्यांत बारकाईने दाखवला आहे. संग्रहालयाचा जीर्णोद्धार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. रंगवलेली लहान मूर्ती बंद काचेआड, ओल आणि हात यांपासून दूर ठेवली तर तिचा रंग किती चांगला राहतो, हे पाहायला मुंबईत यापेक्षा चांगली जागा नाही. लालबागपासून ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

मूर्तीच्या रंगाबद्दलची लोकांची अपेक्षा बदलायला आणखी एक कारण घडले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि देवादिकांची रंगीत चित्रे मध्यमवर्गाच्या घराघरांत लागली. त्या चित्रांत देवांच्या कातडीला छटा होत्या, गालावर उजेड होता, शालूच्या चुण्यांत सावली होती. आधीची मूर्ती सपाट रंगांनी आणि जाड रेघांनी भागत असे. आता गिऱ्हाइकाला अंगाच्या रंगात गुलाबीपासून पिवळसरपर्यंतची चढउतार हवी झाली. सरसाच्या रंगात अशी छटा मिसळणे फार अवघड असते, कारण तो पाहता पाहता वाळतो आणि वाळल्यावर ओल्यापेक्षा बराच फिका दिसतो. रंगाऱ्याला न दिसणारा रंग मनात धरून दिसणारा रंग लावावा लागतो.

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्यानंतरच्या चार दशकांत उत्सव गिरगावातून गिरणगावात पसरला. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, लालबागच्या गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. मंडळांपेक्षा घरगुती मूर्तींची संख्या कितीतरी पटींनी मोठी होती, आणि त्या पुरवण्यासाठी पेणहून येणाऱ्या मूर्तींबरोबर शहरातच चित्रशाळा उभ्या राहिल्या. पेणहून कच्ची, म्हणजे न रंगवलेली, मूर्ती आणून मुंबईत रंगवण्याची रीतही रुळली. त्यामुळे घडवणारा एक आणि रंगवणारा दुसरा अशी फाळणी झाली. तिचा तोटा असा की मूर्ती आतून किती वाळली आहे हे रंगवणाऱ्याला ठाऊक नसे. वरून पांढरीफटक दिसणारी शाडूची मूर्ती पोटात ओली असते. तिच्यावर रंग चढवला की आतली ओल बाहेर येताना रंगाला ढकलते, आणि चार दिवसांनी पोटावरचा रंग फुगून पोपडा धरतो. दोष मातीच्या ओलीचा, बोल रंगाला.

रंगाच्या इतिहासात गिरगावला स्वतःचे मानाचे स्थान आहे, आणि उत्सवाशी त्याचा थेट संबंध नसला तरी ते इथे नोंदवलेच पाहिजे. दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करण्याचा उद्योग सुरू केला. हाच पुढे कॅम्लिन. साठच्या दशकात हा कारखाना चित्रकारांच्या रंगांकडे वळला आणि उंटाचे चिन्ह असलेल्या पोस्टर रंगांच्या बाटल्या शाळेपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे पोहोचल्या. दुसरीकडे १९४२ मध्ये गिरगावच्या गायवाडीत एका मोटार ठेवायच्या जागेत चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील यांनी रंगाचा छोटा कारखाना काढला. महायुद्धामुळे बाहेरून येणारा रंग थांबला होता, देशातल्या बाजारात मागणी होती, आणि त्या पोकळीत एशियन पेंट्सचा जन्म झाला. युद्धाच्या त्या वर्षांनी एक गोष्ट उघडी पाडली: देशात पूड होती, कारागीर होते, पण नीट घोटलेला, प्रत्येक डब्यात सारखाच निघणारा रंग बाहेरून आणण्याची सवय इतकी जुनी होती की तो इथे करण्याची तयारी फार थोड्यांकडे होती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन दशके भिंतींसाठी सुक्या डिस्टेंपरचा जमाना होता. मूर्तिकारांनीही ते आपलेसे केले. पुडीत मिळणारी ही भुकटी म्हणजे भरपूर खडू, थोडी रंगाची पूड आणि थोडा सरस किंवा दुधातल्या केसिनसारखे बांधणारे द्रव्य. पाण्यात कालवायचे आणि लावायचे. स्वस्त, कोणत्याही किराणा-हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे आणि पृष्ठभाग मखमलीसारखा मऊ दाखवणारे. मूर्तीला जो चकाकी नसलेला, शांत पोत शोभतो तो यातून मिळे, आणि हे त्याचे खरे गुण होते. त्याची दुखणीही तेवढीच पक्की होती. कालवताना गुठळ्या राहत, गाळूनही बारीक कण राहत. पुडीपुडीत छटा बदले, त्यामुळे एका मूर्तीसाठी कालवलेला अंगाचा रंग संपला तर दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा जमवता येत नसे. बांधणारे द्रव्य कमी म्हणून पितांबराचा पिवळा मूर्ती उचलणाऱ्याच्या सदऱ्यावर उतरे. आरतीच्या वेळी निरांजनाची धग, धुपाचा धूर आणि दमट हवा एकत्र आली की खांद्यावर, सोंडेवर पांढुरके डाग उठत. कारागीर यावर वरून पातळ डिंक फिरवत किंवा भुकटी कालवतानाच वेगळा सरस घालत, आणि मग जुनाच प्रश्न समोर येई: किती?

या सगळ्याच्या पाठीमागे मुंबईचा पाऊस आहे, आणि दर्जाची कोणतीही चर्चा त्याला वगळून करता येत नाही. गणेशचतुर्थी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येते. म्हणजे रंगकामाचा भर नेमका जुलै-ऑगस्टात, जेव्हा हवेतला दमटपणा वर्षातल्या शिखरावर असतो. पाण्यात कालवलेला रंग वाळतो तो पाणी हवेत गेल्यामुळे. हवाच पाण्याने भरलेली असेल तर तो वाळत नाही, नुसता थिजतो. वरचा हात खालच्या ओल्या हातावर बसतो, रंग एकमेकांत चढतात, बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. म्हणून कारखान्यांत प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पंखे, मोठे दिवे, हॅलोजन लावून मूर्ती वाळवतात. धग जवळ आली तर वरची साय लवकर वाळते आणि आतली ओल कोंडते. कोरड्या हवेच्या गावी पूर्ण समाधान देणारा रंग परळमध्ये पोपडे धरतो याचे कारण बहुधा एवढेच असते. डब्यावरची वाळण्याची वेळ मुंबईच्या श्रावणासाठी लिहिलेली नसते.

प्लास्टर ऑफ पॅरिसने खेळ बदलला. जिप्समचा दगड साधारण दीडशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि उरलेली पूड पाणी मिळताच काही मिनिटांत घट्ट होते. साच्यातून एका दिवसात शाडूच्या कितीतरी पट मूर्ती निघू लागल्या, त्या हलक्या होत्या, वाहतुकीत फुटत नव्हत्या. काथ्या घालून प्लास्टरच्या उंच मूर्तीही उभ्या करता आल्या. गणेश गल्लीत १९७७ मध्ये दीनानाथ वेलिंग यांनी केलेली बावीस फुटी मूर्ती या बदलाची ठळक खूण मानली जाते. पुढे परळच्या विजय खातूंसारख्या मूर्तिकारांनी उंच मूर्तींमध्ये मोठे नाव मिळवले.

रंगाऱ्यासाठी प्लास्टर हा शाडूपेक्षा निराळा पृष्ठभाग होता. ते ओल पितेच, पण जागोजागी वेगळ्या वेगाने पिते. जिथे साच्याला लावलेले तेल किंवा साबण राहिला तिथे रंग धरत नाही, शेजारीच तो क्षणात शोषला जातो. परिणामी एकाच गालावर ढगाळ पट्टे दिसतात. प्लास्टरमध्ये चुन्याचा अंश असेल तर प्रशियन निळा तपकिरी पडतो. क्षारांची पांढरी भुकटी आतून फुटून वर येते. यावर उपाय म्हणजे आधी पॉलिश पेपरने घासून, मग पातळ अस्तर देऊन पृष्ठभाग बंद करायचा आणि ते पूर्ण वाळल्यावरच रंग लावायचा. हे पायरीपायरीचे काम वेळ खाते. चतुर्थी मात्र पुढे ढकलता येत नाही, म्हणून सर्वांत आधी ज्या पायरीवर काटछाट होते ती अस्तराची. ज्या मूर्तीचा रंग पहिल्या दिवशी छान दिसला आणि पाचव्या दिवशी सुटला, तिथे बहुतेक वेळा अस्तर चुकलेले असते. रंगाचा डबा बदलून हा दोष जात नाही.

काही काळ तेलरंगाचाही मोह झाला. तो पाण्याला दाद देत नाही, दागिन्यांवर झळकतो आणि एका हातात झाकतो. पण तो बंद कातडीसारखा बसतो, आतली ओल बाहेर जाऊ देत नाही, फोड धरतो. दमट हवेत दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. त्याची काचेसारखी चकाकी कारागिराने कष्टाने काढलेली गालाची गोलाई खोटी पाडते, कारण प्रत्येक दिवा मूर्तीवर ठिपका होऊन चमकतो. जुन्या जाणत्या मूर्तिकारांना अंगासाठी तेलरंग कधीच पटला नाही, आणि ते बरोबर होते. शिवाय पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या तेलरंगांत शिशाचे क्रोमेट वापरले जाई. विसर्जनानंतर ते थेट पाण्यात जाई.

प्लास्टिक पेंट म्हणून ओळखला जाणारा पाण्यात मिसळणारा कृत्रिम राळेचा रंग हा या सर्वांवर मोठा उतारा ठरला. युरोप-अमेरिकेत असे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात बाजारात आले. मुंबईतल्या कारखान्यांत भिंतींसाठीचा पांढरा इमल्शन आणून त्यात स्टेनरच्या लहान बाटल्यांतून हवी ती छटा बनवायची पद्धत पडली. तो वाळल्यावर हाताला लागत नाही, कुजत नाही, आणि थोडी ओल बाहेर जाऊ देतो. तरीही तो भिंतीसाठी केलेला आहे. त्याचा दाटपणा रोलरला सोयीचा, कण भिंतीला चालतील एवढे. लहान मूर्तीसाठी पाणी घालून पातळ केला की बांधणी विरळ होते आणि थेंब ओघळतो. न घालावे तर नखांच्या रेषा बुजतात. स्टेनर मर्यादेबाहेर घातला तर रंग वाळतच नाही. म्हणून गडद लाल आणि गडद निळा इमल्शनमधून समाधानकारक निघणे अवघड. त्यासाठी पोस्टर किंवा ॲक्रिलिकच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

स्प्रे गन आणि कंप्रेसर आल्यावर अंगाच्या छटा फार सुबक आणि फार वेगाने पडू लागल्या. रविवर्म्याच्या चित्रांनी लावलेली अपेक्षा यंत्राने खऱ्या अर्थाने पुरी केली, यात शंका नाही. पण गनला पातळ रंग लागतो आणि हलक्या प्रतीच्या रंगातले न घोटलेले कण तिचे तोंड बंद करतात. मग रंग थुंकल्यासारखा उडतो आणि गालावर ठिपके पडतात. याच काळात रेडियम रंग म्हणून ओळखले जाणारे चमकते फ्लोरोसंट रंग, मोत्यासारखे पर्ल रंग आणि सोनेरी पूड यांचे प्रस्थ वाढले. फ्लोरोसंट रंगांची पूड इतर रंगांपेक्षा झाकायला कमकुवत आणि उन्हात लवकर विटणारी असते. पांढऱ्या अस्तराशिवाय ती फुलत नाही. सोनेरी पूड म्हणजे तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूचे पापुद्रे. दमट हवा आणि आम्लधर्मी वॉर्निश मिळाले की तांबे काळवंडते, आणि मुकुट आठवडाभरात हिरवट-काळा दिसू लागतो. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियमचा थर चढवून केलेला सोनेरी रंग काळा पडत नाही, पण तो महाग असतो, आणि बाजारात दोन्ही रंग एकाच नावाने विकले जातात.

हे सारे झाल्यावर उरते ती आखणी: डोळे, भुवया, गंध आणि नखे यांच्या रेषा. कारखान्यातला सर्वांत अनुभवी हात याच कामाला बसतो. आखणीचा रंग काळा, तपकिरी आणि लाल एवढाच, आणि लागतो चमचाभर. त्या चमचाभराच्या दर्जाबाबत मात्र तडजोड चालत नाही. रेघ सुरू झाली की टोकापर्यंत एकसारखी गेली पाहिजे, खालच्या छटेत पसरता कामा नये. खालचा रंग भुकटीचा असेल तर कुंचला तो उचलून काळ्यात मिसळतो आणि डोळ्याच्या बाहुलीच्या कडेला राखाडी झांक येते. चांगल्या आखणीची अर्धी पूर्वतयारी म्हणजे खाली पक्का बसलेला अंगाचा रंग.

गणपतीचा मोसम संपला की दिवाळीसाठी बाजारात येतात ती किल्ल्यावरची चित्रे: सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, मावळे, तोफा, गवळण, शेतकरी, वाघ, हत्ती. दादरच्या बाजारात, लालबागला आणि गिरगावातल्या दुकानांत ती पाटीभर मांडलेली असतात. रंगाच्या दर्जाची सर्वांत मोठी हेळसांड यांच्याच वाट्याला आली आहे. बोटभर मावळ्याची किंमत मुलाच्या खाऊच्या पैशात बसली पाहिजे, म्हणून त्याच्या रंगावर जवळजवळ काहीच खर्च करता येत नाही. अस्तर नाही, भरपूर खडूचा रंग थेट मातीवर किंवा प्लास्टरवर. अंगरखा, चेहरा, पागोटे यांवर एकेक फटकारा, ढालीचा काळा गालावर सांडलेला, डोळे दोन ठिपके. साच्यात मात्र ढालीवरचे नक्षीकाम आणि दुपट्ट्याची गाठ शाबूत असते. ज्याने मूळ नमुना कोरला त्याची मेहनत रंगाने गाडली जाते, हे पाहणाऱ्याला खरोखर वाईट वाटावे असेच आहे.

त्यात किल्ल्याची जागा रंगाला सर्वांत प्रतिकूल असते. चाळीच्या अंगणातला किंवा गॅलरीतला किल्ला ओल्या मातीचा, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरलेली, आणि ती उगवावी म्हणून रोज शिंपडलेले पाणी. मावळा उभा असतो त्या चिखलातूनच त्याचे पाय पाणी ओढून घेतात. ओल वर चढते आणि रंग तळापासून सुटत येतो. लंडनच्या ब्रिटन्स कारखान्याने १८९३ मध्ये, म्हणजे गिरगावात सार्वजनिक उत्सव सुरू झाला त्याच साली, पोकळ शिशाचे सैनिक ओतण्याची युक्ती काढली. धातू पाणी पीत नसल्याने त्या सैनिकांवरचा तेलरंग पिढ्यानपिढ्या टिकला; आज ते जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे आहेत. मातीच्या मावळ्याची गोष्ट वेगळी आहे, पण त्याला अगदीच उपाय नाही असे नाही. तळाला आणि पायाला पातळ वॉर्निशचा किंवा ॲक्रिलिकचा एक हात दिला तरी ओल चढायची थांबते. हौशी मुले आणि पालक कच्चे किंवा विटलेले मावळे घेऊन स्वतः पुन्हा रंगवतात तेव्हा हा एक हात त्यांचे काम चार-पाच दिवाळ्या राखू शकतो. पुन्हा रंगवण्यापूर्वी जुना भुकटीचा रंग ओल्या फडक्याने पूर्ण उतरवणे आवश्यक असते. सुटत्या रंगावर कितीही उंची रंग लावला तरी तो खालच्यासकट निघून येतो.

गेल्या दीड दशकात रंगाची चर्चा टिकाऊपणाकडून विषारीपणाकडे वळली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आणि मे २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. नव्या सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसला मनाई होती आणि विषारी रंगांऐवजी नैसर्गिक रंगांचा आग्रह होता. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केले. ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. औद्योगिक रंग त्या मर्यादेबाहेर राहिले, त्यामुळे कारखान्यात कोणत्या जातीचा डबा येतो हे पाहणे महत्त्वाचेच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला प्लास्टरबंदी कसोशीने पाळण्यास सांगितले. जूनमध्ये प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मुभा मिळाली, पण नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन नको या अटीवर. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा हंगामी आदेश निघाला.

शाडू आणि नैसर्गिक रंग यांच्याकडे वळणाऱ्या कारागिराला जुन्या रंगाऱ्याचे सगळे प्रश्न नव्याने सोडवावे लागत आहेत, आणि या वेळी हिंगूळ-हरताळ-शेंदराशिवाय. गेरू, पेवडी, मुलतानी माती आणि काजळ यांनी अर्धी मूर्ती उत्तम होते. अडते ते भडक पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्यापाशी. हळद उजेडात पाहता पाहता फिकी पडते आणि चुन्याचा अंश लागला की लालसर होते, कारण हळदीला चुना लावूनच तर कुंकू करतात. बिटाचा गुलाबी तपकिरी होतो, पालेभाजीचा हिरवा मळकट. निळीचा निळा त्यांच्या मानाने चांगला टिकतो. म्हणून नैसर्गिक रंगांच्या चांगल्या मूर्तींत पितांबर हळदीऐवजी पेवडीचा आणि शेला गेरूचा असतो, भडकपणाची जागा रंगसंगती घेते. गिऱ्हाईक आधी ते फिके म्हणून नाकारते. सावलीत, समईच्या उजेडात तीच मूर्ती पाहिली की बहुतेकांचे मत बदलते.

बांधणीचा प्रश्न अधिक अवघड आहे. रंग दहा दिवस दमट घरात सुटता कामा नये आणि बादलीतल्या पाण्यात मात्र काही तासांत सुटला पाहिजे. कृत्रिम राळ पहिली अट पाळते, दुसरी मोडते. डिंक दोन्ही पाळू शकतो, पण प्रमाण हाताने जमवावे लागते. त्यासाठी शाडूची वाळलेली पट्टी घेऊन तिच्यावर वेगवेगळ्या प्रमाणाचे रंग लावायचे, दुसऱ्या दिवशी बोटाने घासून पाहायचे आणि मग पाण्यात टाकायचे, ही जुनी रीत आजही सर्वांत विश्वासाची आहे. मूर्ती उचलताना हात लागतात त्या पाटाच्या कडेला, पाठीला आणि मांड्यांना डिंक किंचित अधिक, चेहऱ्याला कमी ठेवतात, म्हणजे चेहरा आवळून तडकत नाही. डिंकाचे पाणी रोजचे रोज ताजे करावे लागते आणि पावसाळी दिवसात उरलेला रंग दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही.